लिंबाजीमामाची सायकलवाट

लिंबाजीमामा मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको, की राजेश्री गिरणीवाली शेजारधर्म म्हणून म्हाताऱ्याचं कौतुक करायली. माणूस लय हट्टी. तोंडाचा फटकळ. दळण न्यायला आला की डब्यात हात घालून पीठ चिमटीत धरणार आणि "जाडं आलंय" म्हणणारच. मी कितीही बारीक दळून दिलं तरी हा जाडंच म्हणणार. एकदा मी म्हटलं, "मामा, घरीच जातं मांडा ना मग." तर म्हणतो कसा, "मांडलं असतं, पण तुझं दुकान कसं चालल?"

आमची वस्ती परभणीच्या कडेला, पिंगळीकडून शहरात येणाऱ्या रस्त्यावर. निम्मी शहरात, निम्मी रानात. पुढं दुकानं, मागं तूर. माझी गिरणी रस्त्याला लागूनच, त्यामुळं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हा रस्ता माझ्या डोळ्यांपुढं. गिरणीपासून तिसरं घर मामाचं. घरात तो, त्याची बायको वच्छलाबाई, मुलगा गोपाळ, सून बबिता आणि नात साक्षी. जमीन थोडी, तीही कोरडवाहू. म्हणून गोपाळ आणि बबिता दर साली दसरा झाला की टोळीसंगं ऊस तोडायला कोल्हापूरकडं जातात आणि चैतात परत येतात. तेवढे महिने साक्षी आजी-आजोबांजवळ.

टोळीतल्या बाकीच्या घरांची लेकरं आईबापासंगं फडावर जातात. तिथं पाचटाच्या खोपीत राहायचं, मोठ्यानं लहान्याला सांभाळायचं. शाळा मागं राहते ती राहतेच. साक्षी गेली नाही, कारण मामा आडवा पडला. त्यानं स्वतः उमेदीची सगळी वर्षं ऊस तोडलेला. "ही पोरगी शिकल," त्यानं गोपाळला सांगितलं, "फडाचं नाव हिच्यापुढं काढायचं न्हाई." तेव्हा ती पहिलीत होती.

सातवीपर्यंत वस्तीतलीच शाळा होती, निभावलं. आठवीला शहरातल्या शाळेत जायचं म्हटल्यावर पेच पडला. साक्षीला सायकल मिळाली, पण ती चालवायची कुठं? रस्ता नुकताच रुंद झालेला. रुंद झाला म्हणजे गाड्या दुप्पट पळायला लागल्या, एवढंच. वाळूचे हायवा, उसाचे ट्रॅक्टर, आणि मोटरसायकलवाल्यांचं तर विचारूच नका. त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक बाई लेकराला कॅरिअरवर बसवून चालली होती. मागून ट्रकनं हॉर्न दिला, आणि ती घाबरून लेकरासकट नालीत गेली. दोघं वाचली, पण त्या दिवसापासून गल्लीतल्या सायकली भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच.

गोपाळ म्हणाला, "आबा, या रस्त्यानं मी पोरीला सोडणार न्हाई. काही झालं तर कुणाला तोंड दाखवू? यंदा तिला संगं नेतो."

"मी हाय ना," मामा म्हणाला.

आणि खरंच तो रोज तिच्यासंगं निघायला लागला. ती कडेनं, हा तिच्या उजव्या अंगाला, गाड्यांच्या बाजूनं. जुनी काळी सायकल, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला. घंटी वाजत नव्हती म्हणून हा तोंडानंच ओरडायचा, "सरका! लेकरू हाय!" रस्त्यावरचे लोक हसायचे. साक्षी बिचारी लाजेनं अर्धी व्हायची. गिरणीत येऊन मला म्हणायची, "काकू, वर्गातल्या पोरी मला 'लेकरू हाय' म्हणून चिडवायल्यात." मी म्हटलं, चिडवू दे, जिवंत तर आहेस.

पण मामाला कळत होतं, हे किती दिवस पुरणार. म्हातारा माणूस, आज आहे उद्या नाही. तेवढ्यात रस्त्याचं उरलेलं काम बघायला नगरसेवक आले. मामा गर्दीत घुसला आणि म्हणाला, "साहेब, मोटारीला रस्ता केला, पाण्याला नाली केली. लेकरायला कुठाय?"

साहेब हसले. "मामा, परभणीत आता सायकल चालवतंय कोण?"

झालं! एवढं बोलणं मामाला पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा चहा व्हायच्या आत त्यांच्या दारात सायकलींची ही रांग! दूधवाले, शाळेच्या पोरी, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया, एक अंगणवाडीची बाई, एक रिटायर गुरुजी, पुढच्या कॉलनीतला एक शिंपी दोन लेकींना दांडीवर आणि कॅरिअरवर बसवून. सगळ्यांना मामानं आदल्या संध्याकाळी दारोदार जाऊन बोलावलं होतं. साहेब बनियनवर बाहेर आले. मामा म्हणाला, "हे बगा, कोण कोण चालवतंय ते."

तरी लगेच काही झालं नाही. दीड वर्ष गेलं. मामा चकरा मारत राहिला, हुज्जत घालत राहिला. शेवटी रस्त्याच्या एका अंगाला सायकलीची वेगळी वाट झाली. वरून स्वच्छ सिमेंट, आणि मोठ्या रस्त्याच्या बाजूनं गुडघ्याएवढे खांब. मोटार आत येणारच नाही. लोक तिला लिंबाजीमामाची वाट म्हणायला लागले, अर्धे कौतुकानं, अर्धे चेष्टेनं.

आता खोटं कशाला बोलू? वाट झाली आणि वस्ती बदलली. भिंतीला टेकलेल्या सायकली बाहेर निघाल्या. नालीत पडलेली ती बाई लेकराला घेऊन पुन्हा निघाली. संध्याकाळी बाप लोक पोरांना सायकल शिकवायला यायचे, मागून धरून पळायचे, धापा टाकायचे. ज्या बायकांना बाजारात जायचं तर नवऱ्याच्या मोटरसायकलची वाट बघावी लागायची, त्या आपल्या आपण जाऊन भाजी आणायला लागल्या. साक्षी मैत्रिणींसंगं जायची, मामाशिवाय. ह्या साली दसऱ्यानंतर टोळी निघाली त्या सकाळी गोपाळ माझ्या गिरणीपुढं उभा राहिला. साक्षी त्या वाटेनं पार वळणापर्यंत गेली, तोवर बघत राहिला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "वैनी, आता घोर न्हाई." आणि बबिताला घेऊन ट्रकमध्ये बसला.

मामाला आता काम काय? वाटेची राखण! वाटेत मोटरसायकल लावली, हाकल. हातगाडी उभी केली, हाकल. बालाजी रसवंतीवाल्यानं दोन बाकडी वाटेवर सरकवली, तर मामानं ती उचलून त्याच्या घाण्यापुढं आणून टाकली. "ही लेकरायची वाट हाय," म्हणाला, "तुझ्या गिऱ्हाइकाच्या बुडाची न्हाई." एका लग्नाचा मांडव वाटेवर आला, तिथं नवरदेवाच्या मामासंगं ह्याची हातघाई व्हायची बाकी राहिली. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, "मामा, लोक शिव्या देतेत." "देऊ दे की," म्हणाला.

यंदा पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही. सगळ्यांची सोयाबीन भिजली. मामाची कापून, ढीग लावून, वर ताडपत्री टाकलेली. तरी ढिगाच्या पोटात पाणी शिरलं. मळणीयंत्र मिळालं ते दिवाळीनंतर. दाणे निघाले ते ओले, काही फुगलेले, काहींना मोड. तशी मोंढ्यात नेली तर आडत्या मुठीत धरूनच परत करतो. दोन दिवस कडक ऊन द्यायला पाहिजे. पण द्यायचं कुठं? अंगणात चिखल. देवळापुढची फरशी दुसऱ्यांनी आधीच धरलेली. आमच्याकडं अशा वेळी शेतकरी डांबरी रस्त्यावर धान्य पसरतो, कडेनं दगड मांडतो, आणि गाडीवाले बिचारे वळून जातात. वाडवडलांपासून नाही, डांबर आल्यापासून हे असंच चाललंय. मोठ्या रस्त्यावर आता ती सोय राहिली नव्हती, कोण वळतंय? म्हणून सगळ्यांचा डोळा सायकलीच्या वाटेवर. स्वच्छ सिमेंट, दिवसभर ऊन, खडा नाही, माती नाही. दोघे-तिघे पोती घेऊन आलेही. मामानं परत पाठवले. "हितं न्हाई. रानात वाळवा."

आणि मग एका शनिवारी सकाळी मी शटर वर केलं, तर वाटेवर सोयाबीन. मामा आणि वच्छलाबाई पोती रिकामी करायले होते.

मी बघतच राहिले. म्हटलं, "मामा, हे काय?"

"एक दिवस," मामा म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही. "कडेला जागा ठिवलीय. सायकल जाती."

ठेवली होती, खोटं नाही. नालीच्या बाजूला एक हातभर पट्टी मोकळी. पण धान्य ऊन खायला लागलं की ते हलवावं लागतं. चप्पल काढून, अनवाणी, पाय ओढत ओढत चालायचं, म्हणजे खालचा दाणा वर येतो. मामानं दोन-तीनदा पाय फिरवला. दर खेपेला सोयाबीन जराशी पसरली. ऊन चढेपर्यंत ती पट्टी भरून गेली, आणि ते ना त्याच्या ध्यानात आलं ना माझ्या. मामा लिंबाखाली बसला आणि त्याचा डोळा लागला.

शनिवारची शाळा सकाळची. साक्षी जाताना वाट मोकळी होती, येताना नव्हती. मी तिला येताना बघितली. जवळ आली, ब्रेक लावला, पाय टेकवला. बघितलं सोयाबीनकडं, बघितलं लिंबाखाली झोपलेल्या आजोबाकडं. वरून चाक नेलं असतं तर चार दाणे फुटले असते, दुसरं काय होणार होतं? पण तिनं सायकल वळवली, दोन खांबांच्या मधून मोठ्या रस्त्यावर घेतली, सोयाबीन संपली की पुन्हा आत यायला. मागून रिकाम्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कारखान्यातून ऊस भरायला चालला होता. पुढची ट्रॉली निघून गेली, मागची हेलकावली, आणि तिचा कोपरा साक्षीच्या हँडलला लागला.

मी ओरडले तेव्हा मामा उठला. सायकल ट्रॉलीखाली, पोरगी रस्त्यावर, नडगी मोडलेली, पाय नको त्या ठिकाणी वळलेला. ती ओरडत नव्हती, नुसती "आबा, आबा" करायली होती. बालाजीनं ऑटो आणला. आम्ही तिला उचलून आत घेतलं. मामाला पोरीचं डोकं नीट धरता येईना, ते मी धरलं.

मागं काय झालं ते नंतर कळलं. लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढून बदडला आणि पोलिसांच्या हवाली केला. आणि पोलिस यायच्या आत बायकांनी खराट्यानं सगळी सोयाबीन गोळा करून पोत्यात भरून मामाच्या ओसरीवर नेऊन ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्यातल्याच माणसाचं धान्य, असं करतातच. पोलिसांनी बघितलं तेव्हा वाट लख्ख.

गोपाळ आणि बबिता दुसऱ्या दिवशी पोहोचले, रात्रभर एसटीत उभे राहून. दवाखान्यात साक्षी खाटेवर, पायाला पलस्तर मांडीपर्यंत. बबिता तिच्या उशाशी बसली आणि रडली. गोपाळ रडला नाही. मी डबा घेऊन गेले होते, तिथंच होते. वस्तीतले दोघं-तिघं आलेले. त्यांचं चाललं होतं, "ड्रायव्हर पेलेला असंल," "ह्या रस्त्यावर सायकलीचं काही खरं न्हाई," "त्या वाटेपेक्षा पार्किंग केलं असतं तर बरं झालं असतं."

गोपाळ म्हणाला, "बास झालं. पलस्तर निघालं की हिला फडावर नेतो. आता शाळेचं कुणी बोलू नका."

साक्षीनं तोंड भिंतीकडं केलं. मामा दाराशी उकिडवा बसला होता. कालपासून त्यानं अन्नाला हात लावला नव्हता, की तोंडातून शब्द काढला नव्हता. तो नुसता गप्प राहिला असता तरी भागलं असतं. सगळे ड्रायव्हरलाच शिव्या देत होते. पण तो गप्प राहिला असता तर पोरीची शाळा गेली असती, आणि वाटही गेली असती.

मामा म्हणाला, "ड्रायव्हरचा दोष न्हाई. वाटेचा बी न्हाई. वाटेवर सोयाबीन होती. माझी."

 वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला.

गोपाळला आधी कळलंच नाही. "तुमची? तुमीच तर लोकायला..." एवढं बोलून तो थांबला. मग साक्षीकडं वळला. "तू वरून का न्हाई नेली सायकल? दाणेच होते ना?"

साक्षी भिंतीकडं तोंड करूनच बापाला म्हणाली, "धान्यावरून चाक कसं न्यायचं, दादा? आबांनीच सांगितलंय, पाय लागला तरी नमस्कार करायचा."

माझा जीव इतका तुटला ना, काय सांगू. ह्या माणसाचा मला संताप यायचा, पण त्या घडीला त्याच्याकडं बघवेना. शिकवण त्याची, सोयाबीन त्याची, वाटही त्याचीच. आणि पाय त्या पोरीचा.

 मग गोपाळ हळू बोलला, न ओरडता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आबा, पोरगी हितंच शिकल. पण तुमच्या भरवशावर न्हाई ठेवणार. बबिता थांबल."

"बरं," मामा म्हणाला.

बोलायला सोपं होतं ते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. गडी तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. बायको मागं राहिली की गडी अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत ठेवायला राजी नसतो. हे गोपाळला ठाऊक होतं, बबितालाही होतं. 

"मोळ्या मी बांधतो," मामा दाराशी बसूनच म्हणाला.

वच्छलाबाई एकदम म्हणाली, "अवो, तुमची कंबर! सकाळी उठताना दोघांनी धरावं लागतंय तुम्हाला."

"कंबर माझी हाय ना? मग मी बघतो."

गोपाळनं नाही म्हटलं नाही. मला वाटलं म्हणेल, बापच आहे शेवटी. पण त्यानं मान खाली घातली आणि मुकादमाला फोन लावायला बाहेर गेला. त्याच दुपारी मामा ठाण्यात जाऊन सगळं सांगून आला. ड्रायव्हर सुटला. ती सोयाबीन मामानं पुन्हा वाळवली नाही, ओसरीवरच्या पोत्यांत तिला मोड आले आणि वच्छलाबाईनं ती म्हशीपुढं टाकली.

चार दिवसांनी बाप-लेक निघाले. साक्षीला घरी आणलं होतं, दारात बाजेवर पाय लांब करून बसवलेली. मामानं पटका बांधला, बबितानं भाकरीचं गाठोडं दिलं. मीही गेले होते, दशम्या घेऊन. साक्षीनं त्याचं धोतर धरलं आणि एकदम रडायलाच लागली. "आबा, नका जाऊ. मला नको शाळा. मी घरीच राहते, आईला जाऊ दे."

मामा असा काही खवळला, की गल्ली दणाणली. "शाळा नको म्हणलीस तर खबरदार! मग मी कशाला चाललोय?"

पोरीनं धोतर सोडलं. मामानं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, तिला जरा वेळ लागला, आणि तो गोपाळच्या मागं ऑटोत जाऊन बसला. पलस्तर निघाल्यावर साक्षी पुन्हा सायकलीनं जाणार आहे, बबिता तिच्यासंगं जाणार आहे. मामा चैतात येईल.